परमुलखाच्या पाण्यात घरची माती

समजा, तुम्हाला उद्या परमुलखात जायचं आहे. बोटीनं नाही, विमानानं नाही; रिसोडच्या मोटार स्टँडवरून. काखेत वळकटी, हातात तांब्या, आणि पोटात जन्मभर एकाच विहिरीचं पाणी. आता त्या पोटाला समजावून सांगा, की बाबा, पुढचे काही दिवस तुला अनोळखी नळांचं, नद्यांचं आणि पहाडातल्या झऱ्यांचं पाणी मिळणार आहे, तू रागावू नकोस. कसं समजवाल? बरोबर काय घ्याल? वाटेत कशाला हो म्हणाल आणि कशाला नाही?

चंपतमामांनी यावर महिनाभर विचार केला होता. इतका विचार त्यांनी पोरीच्या सोयरिकीलाही केला नाही, असं गोजरामामी म्हणते.

चंपतमामा म्हणजे आमच्या रिसोडच्या माळीपुऱ्यातले बागाईतदार. गल्लीच्या नात्यानं सगळे त्यांना मामा म्हणतात. वांगी, मेथी, मुळा, कांदा, सांभार म्हणजे कोथिंबीर, जे पेरतील ते बाजारात आधी संपतं. माणूस उंच, आवाज मोटेवर बैल हाकून हाकून मोठा झालेला, आणि या सगळ्या थाटामाटाच्या मधोमध एक अत्यंत नाजूक पोट. अकोल्याला गेले, की अकोल्याचं पाणी लागलं. मालेगावला गेले, की मालेगावचं लागलं. स्वतःच्या लग्नात मंगरुळपीरला सासरचं पाणी लागलं आणि भटजींना मंगलाष्टकं मधेच थांबवावी लागली. "अक्षता हातात धरून अख्खं वऱ्हाड उभं," मामी सांगते, "अन् नवरदेव तुरीच्या वावरात."

अशा पोटाला घेऊन मामांना जायचं होतं नेपाळात, पशुपतिनाथाला. आणि जाणं टाळता येत नव्हतं, कारण नवस होता. तोही त्याच पोटापायी बोललेला.

मामा लहान होते त्या साली रिसोडात पटकी आली. आई-बाप दोघं त्यात गेले. पोरगाही जातो की राहतो अशी वेळ आली तेव्हा थोरली बहीण प्रयागबाई त्याच्या उशाशी बसून होती. गावात एक गोसावी उतरला होता, त्याच्या तोंडून तिनं पशुपतिनाथाचं नाव ऐकलं होतं. ती म्हणाली, "देवा, याले जगव. शिवरात्रीले आमी दोघं भाऊबहीण तुह्या दारात उभे राहू." पोरगा जगला. बहिणीचं लग्न झालं, ती विधवा होऊन माहेरी आली, तिचे केस पिकले, तरी नवस तसाच. आता तिचे गुडघे बोलायला लागले होते. यंदा नाही तर कधीच नाही, हे दोघांनाही कळत होतं. नवसातला शब्दही अवघड होता: दोघं, आणि उभे.

"बाई, मी तुले नेतो," मामा म्हणाले, "पन तथलं पानी मले लागलं त?"

"लागल त लागल. आजवर कोनतं पानी तुले लागलं नाही?"

उपाय गावातल्या म्हाताऱ्यांनी सांगितला. आपल्याकडे जुनी चाल आहे, की परगावी जाताना घरच्या विहिरीच्या काठची चिमूटभर माती बांधून न्यायची आणि नव्या पाण्यात टाकून प्यायची. पाण्याला आपली ओळख पटते, मग ते लागत नाही. मामांना हे पटलं. पण मामा बागाईतदार. विहिरीच्या काठची माती त्यांनी हातात घेतली, बोटांत चुरगळली आणि फेकून दिली. पांढरट, निकस, गवतसुद्धा धड उगवत नाही तिच्यात. असली माती परमुलखात आपली ओळख म्हणून दाखवायची? लोक काय म्हणतील? मग ते वांग्याच्या वाफ्याकडे गेले. त्या तुकड्यात त्यांनी नुकत्याच धनगराच्या मेंढ्या बसवल्या होत्या. माती काळीशार, ओलसर, मऊ, हुंगली तर छाती भरून यावी अशी. ती त्यांनी धुवट फडक्यात बांधली आणि पुरचुंडी कमरेला लटकवली.

सोबतीला भगवंतराव निघाले. हे शेजारच्या मळ्याचे मालक. मामांशी त्यांचं रोज भांडण होतं आणि रोज त्यांच्याच ओसरीवर पान खाणं होतं. "तुमी दोघं तिकडं हरपले त आमाले कोन सांगीन?" हे त्यांचं येण्याचं कारण.

अकोल्यापर्यंत सर्व्हिस मोटर, पुढे आगगाडी, मग गाड्या बदलत रक्सौल. या सगळ्या वाटेत मामांच्या पोटानं ब्र काढला नाही. दशम्या, फुटाणे आणि जवसाची चटणी घरची होती. पुरचुंडी त्यांनी उघडलीच नाही. अकोला-मालेगाव ते विसरले होते; त्यांचा हिशेब सरळ होता: हिंदुस्थानची माती एकच, तिला ओळख कशाला? सरहद्द ओलांडली की सुरू करायचं.

प्रयागबाईचं निराळंच. तिला चहाचं व्यसन. प्रत्येक स्टेशनावर खिडकीतून हात बाहेर आणि हातात कुल्हड. पाणी असं ती प्यायचीच नाही.

"बाई, कलिजा जयते चहानं," मामा म्हणायचे.

"तुह्या बापाच्या पैशाचा पेते का?" ती म्हणायची. बाप एकच होता हे दोघंही विसरायचे.

रक्सौलच्या पलीकडे नेपाळची छोटी रेल्वे होती. तिच्या स्टेशनावर मामांनी तांब्यात पाणी घेतलं, पुरचुंडी सोडली, चिमूटभर माती टाकली, आणि पूर्वेकडे तोंड करून मोठ्या भक्तीनं प्याले. भगवंतरावांनाही प्यायला दिलं. भगवंतराव म्हणाले, "चव बरी हाये." प्रयागबाईनं पाहिलं आणि चहावाल्याला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी मामांच्या पोटात गुरगुरलं. मामा म्हणाले, डोस कमी पडला. चिमटीची मूठ झाली. संध्याकाळी भगवंतराव पोट धरून उठले. मामा म्हणाले, परदेशी पाणी फारच जहाल दिसतं. आणखी माती.

रेल्वे संपल्यावर ट्रक होता, तो भीमफेदी नावाच्या गावापर्यंत. पुढे काठमांडूपर्यंत डोंगर चढून पायवाट, कारण मोटारीचा रस्ता तेव्हा पुरा झाला नव्हता. ट्रक भीमफेदीला पोचेपर्यंत त्यानं इतक्या वेळा थांबा घेतला, की ड्रायव्हरनं मामांना पुढे स्वतःजवळ बसवून घेतलं, उतरायला सोपं जावं म्हणून. गावात पोचल्यावर मामा धर्मशाळेच्या भिंतीला टेकले ते टेकलेच. डोळे खोल गेले होते, ओठ सुकले होते. शिवरात्र परवा होती.

प्रयागबाई तेव्हा प्रथम घाबरली. ते तोंड तिनं एकदा पाहिलेलं होतं, पटकीच्या साली.

यात्रेकरूंसाठी तिथे तात्पुरता दवाखाना होता. तिथला कंपौंडर बिहारकडचा, चष्मा दोऱ्यानं कानाला बांधलेला. त्यानं मामांच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली, जीभ पाहिली आणि विचारलं, "क्या खाया?"

"घर का खाया साब."

"पानी?"

"पानी इधर का. पन घर की माटी डालके." मामांनी अभिमानानं पुरचुंडी काढून दिली. "हमारे बैंगन के वाफे की. उसमें मेंढी बैठाया था. ऐसी माटी तुम्हारे मुल्क में मिलनार नई."

कंपौंडरनं फडकं नाकाजवळ नेलं आणि हात लांब करून परत दिलं. "भाई, यह बैंगन को खिलाओ. तुम क्यों खा रहे हो?"

भगवंतराव कोपऱ्यात पडले होते, ते उठून बसले. "चंपतभाऊ, म्हंजे मी मेंढ्यायच्या लेंड्या पेलो?"

"कुजेल होत्या," मामा क्षीण आवाजात म्हणाले. "कुजल्यावर त्याले लेंडी नाही म्हनत. खत म्हनतेत."

"मले मायीत असतं खत हाये त मी घेतलं असतं का?"

"चव बरी हाये कोन म्हने?"

कंपौंडरनं गोळ्या दिल्या आणि बाईला बाजूला घेऊन बजावलं. पाणी खळखळ उकळूनच द्यायचं, त्यात मीठ टाकायचं. मीठ घालून भाताची पेज द्यायची. रस्त्यावर चिरलेली फळं आणि दही विकतात, तिकडे पाहायचंही नाही. आणि या माणसानं आठ दिवस चालायचं नाही. मग त्यानं तिलाच विचारलं, "माताजी, आप कैसे ठीक हैं?"

"मी चहा पेते बापा," बाई म्हणाली.

कंपौंडर हसला. "वही तो उबला हुआ पानी है."

दिवसभर तिनं मामांना घोट घोट पाजलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पोट थांबलं, पण पाय उचलत नव्हते. मामा म्हणाले, "बाई, तू भगवंतरावासंगं जाय. तुहं त होईन दर्शन."

"अन् देवानं इचारलं भाऊ कुठी हाये, त काय सांगू? खत पिऊन पडला म्हनू?"

"मंग काय करतं?"

काय करायचं ते तिनं आधीच ठरवलं होतं. त्या डोंगरात माणसं पाठीवर मोठी टोपली घेऊन ओझी वाहतात. टोपलीचा पट्टा कपाळावर. तिला डोको म्हणतात. मीठ, कापड, म्हातारी माणसं, सगळं त्यातून चढतं. असा एक भरिया, म्हणजे तिकडचा हमाल, बाईनं दारात आणून उभा केला होता. तो खांद्यानं रुंद होता आणि मामांकडे जणू वजन जोखत पाहत होता.

"मी टोपल्यात बसू? मी काय वांगं हाये?" मामांचा आवाज बऱ्याच वेळानं पूर्वीसारखा चढला.

"वांग्यानं इतकी कटकट नाही केली कधी," बाई म्हणाली. "बस."

असे रिसोडचे चंपतमामा, ज्यांनी जन्मभर टोपल्या भरून बाजारात नेल्या, ते टोपलीत बसून डोंगर चढले, तोंड मागे करून. त्यांना पुढची वाट दिसायची नाही, फक्त मागून काठी टेकत येणारे भगवंतराव दिसायचे. भगवंतराव अजून अर्धेच बरे झाले होते, पण त्यांच्या चेहऱ्यावर सबंध वाट एक समाधान होतं. "भाव काय हो भाजीचा?" ते मधूनमधून विचारायचे. "ताजी हाये का?"

प्रयागबाईचे गुडघे त्या वाटेवर काय म्हणाले ते तिनं कुणाला सांगितलं नाही. प्रत्येक थांब्यावर ती आधी चुलीपाशी जायची. भाषा येत नव्हती, तर भांड्याकडे बोट दाखवून तोंडानं खळखळ असा आवाज काढायची. बुडबुडे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ती भांडं उतरवू द्यायची नाही. एका चहाच्या टपरीवर तिनं मामांच्या हातात चहा दिला. मामांनी टोपलीत बसल्या बसल्या आयुष्यातला पहिला चहा घेतला, डोळे मिटून, विष घेतात तसा. मग डोळे उघडले.

"साखर कमी हाये," ते म्हणाले.

शिवरात्रीच्या दुपारी ते देवळाच्या रांगेत पोचले. मामांनी भरियाला थांबवलं. "बस. इथून मी पायानं." ते उतरले, लटपटले, बाईनं दंड धरला. बाईचे गुडघेही लटपटत होते, मग मामांनी तिचा दंड धरला. रांग पुढे सरकत गेली तशी दोघं एकमेकांना धरून सरकत गेली, आणि दारात पोचली तेव्हा उभी होती. दोघं, आणि उभी. बाईनं हात जोडले. काही मागितलं नाही, कारण मागितलेलं मिळून जुनं झालं होतं.

पुजाऱ्यानं तीर्थ दिलं. मामांनी हातावरच्या पाण्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे. न उकळलेलं पाणी, आणि देवाचं. काय करावं? प्रयागबाईनं आपलं तीर्थ डोळ्यांना लावलं, उरलेलं डोक्यावरून फिरवलं. मामांनी तसंच केलं. भगवंतरावांनी पिऊन टाकलं. त्यांना काही झालं नाही, आणि हे ते अजून सांगतात.

याला आता काही वर्षं झाली. परत आल्यावर मामांनी ती उरलेली माती पुन्हा वांग्याच्या वाफ्यात टाकली, वाया का घालवा म्हणून. चहा मात्र सुटला नाही. मधल्या काळात मी आरोग्य खात्याचं शिक्षण घेऊन गावी आलो, तर मामांनी मला ओसरीवर बसवून घेतलं. प्रयागबाई यंदा मुक्तिनाथ म्हणते आहे, तोही नेपाळातच पण पशुपतिनाथाहून उंचावर आहे, आणि या खेपेला मामांना चूक करायची नाही. मी त्यांना खतातले जंतू सांगितले, ते पाण्यात कसे जातात, उकळल्यावर कसे मरतात, हात का धुवायचे, सगळं पाटीवर चित्र काढून सांगितलं. मामांनी लक्ष देऊन ऐकलं. मग चित्रातल्या जंतूवर बोट ठेवलं.

"समजलं," ते म्हणाले. "जंतू मातीत होते, मी पेलो, पोट गेलं. बराबर. पन मंग मले एक सांग बापा. कंपौंडरलेबी इचारलं होतं, तो नुसता हासला. त्याच वाफ्याच्या कडंनं मी मुये लावतो. भूक लागली का उपटतो, धोतराले पुसतो अन् खातो. मी खातो, मामी खाते, भगवंतराव त चोरून खाते. तेच खत, तेच जंतू, आमचेच पोटं. मंग घरी आमाले काहून काई होत नाही?"