आमच्या झांकीतला ग्रह

अनंत चतुर्दशीला इंदुरात झांक्या निघतात, म्हणजे ट्रॉलीवर उभारलेले, दिव्यांनी लखलखणारे देखावे. ज्यात काही फिरत नाही, त्या झांकीपुढे पब्लिक थांबत नाही. यंदा कॉलनीच्या झांकीचं काम माझ्या मुलीकडे आलं. ती फिजिक्समध्ये एमएस्सी करते. तिनं विषय घेतला प्रॉक्झिमा सेंटॉरी बी, म्हणजे सूर्याच्या सर्वांत जवळच्या ताऱ्याचा ग्रह. जवळ म्हणजे सव्वाचार प्रकाशवर्षं. तिथलं वर्ष जेमतेम अकरा दिवसांचं, आपला गणपती बसून उठेपर्यंत संपणारं.

तारा लाल, मंद आणि तापट. ग्रहाची एकच बाजू बहुधा कायम त्याच्याकडे असते. म्हणून तिनं कागदाच्या लगद्याचा गोळा दांडीवर पक्का बसवला आणि मोटार लावून अख्खी दांडीच ताऱ्याभोवती फिरवली. उजेड-अंधाराच्या सीमेवर काळपट झुडपं लावली आणि ट्रॉलीवर पाटी ठोकली: ‘झुडपं ही आमची कल्पना. तिथे जीव आहे का, ठाऊक नाही.’

दुपारी मंडळाचे अध्यक्ष बिल्ला लावून आले. बिल्ला ते झोपतानाही काढत नसावेत.

“मस्त आहे बेटा, पण पाटी काढ. ‘ठाऊक नाही’ लिहिलेल्या झांकीला इनाम कोण देणार? समुद्र दाखव, दोन माणसं उभी कर, एक झेंडा लाव.”

“काका, त्या ग्रहाचा साधा फोटो नाहीये कुणाकडे. त्याच्या ओढीनं तारा किंचित डुलतो, त्यावरून ग्रह आहे हे कळलं.”

“पब्लिकला काय समजतंय भिया!” हे माझ्याकडे बघून; इंदुरात भैयाचा भिया होतो.

मुलगी कुणाचं ऐकत नाही, याचा मला प्रथमच आनंद झाला.

“पाटी काढायची असेल तर ग्रहही उतरवते,” ती शांतपणे म्हणाली. “दांडीवर तुमचा फोटो लावू. तो तरी खात्रीचा आहे.”

वायरिंग करणारे हसले. मग अध्यक्षांनाही हसावंच लागलं. पाटी राहिली.

संध्याकाळी परीक्षक आले. एकानं विचारलं, “वहाँ कोई रहता है क्या?”

अध्यक्षांनी माइक ओढून घेतला. “पता नहीं, साहब! दुनिया में किसी को पता नहीं! और ये लिखने की हिम्मत सिर्फ हमारी बिटिया ने की है!”

बिटिया माझी होती, पण त्या क्षणी मी वाटणीला हरकत घेतली नाही.

पहिलं इनाम सोंड हलवणाऱ्या हत्तीला मिळालं. अध्यक्ष तुच्छतेनं म्हणाले, “हत्ती काय, सगळ्यांनाच ठाऊक असतो.”