बरणीतला कापूस

नगदी पिकांच्या धड्याला परब सर पिशवी घेऊन वर्गात यायचे. तंबाखूचं वाळकं पान, तागाचा दोर, उसाचं कांडं, चहाची पूड, मातीसकट भुईमुगाचा डहाळा. एकेक वस्तू बाकांवरून फिरायची. तंबाखू हुंगून पोरं शिंकायची, दोर ओढून बघायची, ऊस परत टेबलापर्यंत कधी पोचायचाच नाही. "पीक हाताक लागल्याबिगर डोक्यात शिरत नाय," असं सरांचं म्हणणं. कापूस मात्र काचेच्या बरणीत. उमललेलं बोंड, देठ शाबूत, वर बूच आणि बुचावर मेण ओतलेलं. कुणी हात पुढे केला की सर बरणी मागे ओढायचे. "ह्याका लांबूनच नमस्कार."

मुलुंडच्या ज्या शाळेत मी मराठी शिकवते, तिथे माझ्या आणि त्यांच्या वर्गामध्ये नुसता लाकडी पडदा आहे. त्यामुळे माझे व्याकरणाचे तास त्यांच्या भूगोलाच्या आवाजात बुडत. नोकरी लागण्याआधी मी कामगारांच्या एका कचेरीसाठी पत्रकं लिहायची आणि स्टेशनाबाहेर वाटायची. आमच्या घरी या कामाला 'उनाडक्या' म्हणतात. शिक्षकांच्या खोलीत पहिल्याच दिवशी मी कुणाच्या तरी हातात पत्रक दिलं, ते परब सर निघाले. त्यांनी ते उभ्या उभ्या वाचलं आणि म्हणाले, "बाई, ह्यात उद्गारचिन्हं पुष्कळ आहेत. माहिती खंय आहे?" तेव्हापासून मी 'पत्रकवाल्या बाई' झाले.

पन्नाशी न गाठलेला, काटक, गळाबंद कोटातला माणूस. मालवणकडचा. रागावला की मालवणीत, शिकवताना शुद्ध पुस्तकी, आणि दोन्हींच्या मध्ये खोकला. पडद्याआडून मला त्यांचा धडा पाठ झाला होता. उसाला ऊन पाहिजे, पाणी पाहिजे आणि वर्षभर थांबण्याची ऐपत पाहिजे. चहाला पाऊस पाहिजे, पण मुळाशी पाणी साचता कामा नये, म्हणून तो डोंगराच्या उतारावर. कापसाला ओल धरणारी काळी माती, बेताचा पाऊस, आणि बोंडं फुटायच्या वेळी आभाळ कोरडं ठणठणीत.

"ताग कुठे होतो?"

"बंगालात, सर!"

"कुठल्या बंगालात?"

पोरं एकमेकांकडे बघायची.

"मेल्यांनू, शेतं रवली तिकडे आणि गिरण्या रवल्या इकडे. फाळणीची रेघ मारणाऱ्यान भूगोल वाचूक नव्हतो."

मग 'आर्थिक महत्त्व'. एखादी हुशार मुलगी घडाघडा म्हणायची, "कापसामुळे देशाला परकीय चलन मिळते व अनेकांना रोजगार मिळतो." मग सरांची चप्पल खिडकीकडे जायची आणि खोकला सुरू व्हायचा. कोरडा, लांबलचक खोकला. तो थांबेपर्यंत माझा वर्गही खाली मान घालून बसायचा.

एकदा मी सरळ विचारलं. मला आडून विचारता येत नाही. "सर, त्या बोंडाला कुलूप का?"

"जुनी ओळख आहे," ते म्हणाले. मग हातातला चहा संपवून त्यांनी सांगितलं.

विशीच्या आत ते परळच्या एका गिरणीत लागले होते, कार्डिंग खात्यात. तिथे कापूस पिंजून साफ होतो आणि त्याची भुकटी हवेत तरंगत राहते. केसांत, पापण्यांत, डब्यातल्या भाकरीवर. वारा लागला की धागा तुटतो, म्हणून खिडक्या बंद. रविवारची सुट्टी झाली की सोमवारी छाती आवळून यायची, आठवडाभरात जरा सैल पडायची, पुन्हा सोमवार. खात्यातली माणसं त्या दुखण्याला 'सोमवार'च म्हणत. 'आज माका सोमवार लागलो' म्हटलं की जोडीदार समजायचा आणि त्याचं मशीन बघायचा. सर रात्रशाळेत शिकले, मॅट्रिक झाले, ट्रेनिंग घेतलं, गिरणी सोडली. "सोमवारान मात्र माका सोडल्यान नाय. आता माझ्याकडे आठवड्याचे सातही वार त्याचेच."

मी म्हटलं, "यावर लिहायला हवं."

"लिहा की. पण आधी खात्रीनं समजून घ्या."

त्याला वेळच मिळाला नाही. त्या वर्षी दिवाळीनंतर खोकला वाढला आणि शाळेत कुजबूज सुरू झाली. आधी शिक्षकांच्या खोलीतला त्यांचा कप वेगळा झाला. शिपायाने तो खिडकीत पालथा घालून ठेवला, कुणी सांगितलं ते त्याने सांगितलं नाही. मग दोन पालक शाळा समितीच्या कार्याध्यक्षांना भेटले. पांढरपेशी, शिकलेली माणसं, घरात वर्तमानपत्र येणारी. त्यांनी शब्दसुद्धा उच्चारला नाही. म्हणाले, "त्यांना 'ते' असावं." 'ते' म्हणजे क्षय. कार्याध्यक्षांनी सरांना बोलावून सांगितलं, दाखला आणा, नाहीतर वर्गावर जाऊ नका.

परबवहिनी भांडुपच्या चाळीतल्या नळावर आपली कळशी घेऊन शेवटी उभ्या राहायला लागल्या होत्या. त्यांना पुढे येऊ देत नव्हते. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा त्या मला म्हणाल्या, "बाई, ह्यांका क्षय नाय. ह्यांका गिरण लागली हा. पण ह्या मी कोणाक सांगू? नळाक?"

सरांबरोबर सरकारी दवाखान्यात मीच गेले. थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला. डॉक्टर तरुण होते, वाईट नव्हते. म्हणाले, "क्षयाचे जंतू नाहीत. तसं लिहून देतो."

"मग आहे काय?" मी विचारलं.

"छाती खराब झालीय."

"कशाने? कापसाच्या भुकटीने, असं लिहा ना."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "बाई, तसं इथे कुणी लिहीत नाही. मी लिहिलं तर उद्या गिरणीचा वकील मला विचारील, कशावरून?" मग आवाज खाली आणून ते सरांकडे वळले. "मास्तर, एक सांगू? क्षय असता तर तुमची सोय झाली असती. खाट मिळाली असती, इंजेक्शनं मिळाली असती, शाळेनंही रजा दिली असती. शंकास्पद म्हणून लिहू का?"

मी सरांकडे पाहिलं. खरं सांगते, मला वाटलं त्यांनी हो म्हणावं. आजारी माणसाला खाट मिळते आहे, नाव कुठलं का असेना.

"नको," सर म्हणाले. "क्षय लिवलास तर बायको जन्मभर नळाच्या टोकाक उभी रवात. आणि गिरणी सुटात."

'क्षय नाही' एवढा दाखला घेऊन आम्ही समितीपुढे गेलो. मला वाटलं, विषय मिटला. कार्याध्यक्ष वकील होते. त्यांनी कागद वाचला, टेबलावर ठेवला. "हे नाही, ते समजलं. काय आहे, ते कुठे लिहिलंय?"

मी मध्येच म्हणाले, "काय आहे ते मी सांगते. कार्डिंग खातं आहे!"

"बाई, हा स्टेशनचा चौक नाही. ज्या दुखण्याला नाव नाही, ते संसर्गजन्य नाही हे मी पालकांना कसं पटवू?"

क्षयाला रजा होती. याला नव्हती. परब सरांना बिनपगारी घरी बसवलं, 'दुखण्याचे स्वरूप स्पष्ट होईपर्यंत'. भली माणसं होती सगळी. सभा संपल्यावर एकाने सरांना कोट चढवायला मदतसुद्धा केली, फक्त त्यानंतर हात धुवायला गेला. अशा भलेपणाची मला किळस येते आणि ती मी लपवत नाही.

मी पत्रक लिहिलं. वर मथळा मोठ्या टाइपात, 'कापसाने घेतला शिक्षकाचा बळी!' कच्चा मजकूर घेऊन भांडुपला गेले. सर उशांना टेकून बसले होते, आडवं झालं की श्वास कोंडायचा. मथळा वाचून त्यांना हसू आलं आणि हसण्याने खोकला. "अजून मेलंय नाय मी, बाई. जरा दम धरा."

मग त्यांनी माझ्याकडून पेन्सिल मागितली आणि 'कापसाने' या शब्दावर आडवी रेघ मारली.

"हे चूक आहे," ते आता पुस्तकी मराठीत बोलत होते, म्हणजे शिकवत होते. "झाडाचा काय दोष? वऱ्हाडात ते उघड्यावर वाढतं. वेचणाऱ्या बायका दिवसभर त्याच्यात उभ्या असतात, त्यांना सोमवार लागत नाही. बंद खोली लिहा. बंद खिडकी लिहा. धागा तुटू नये म्हणून बंद ठेवलेली, तेही लिहा. खिडक्या बंद ठेवून भुकटी ओढून घेणारे पंखे बसवता येतात, तेही लिहा. नाहीतर लोक म्हणतील, बाईंना देशाचं पीकच नको आहे."

"मथळा मग लांब होतो, सर."

"होऊ दे. मुलांका मी लांबच उत्तर लिहूक लावतंय."

वहिनी पलीकडे तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आणि उद्गारचिन्हां कमी करूक सांगा."

सर गेले ते थंडीत, कोरड्या हवेत, बोंडं फुटायच्या दिवसांत. शेवटी श्वास लागला म्हणून दवाखान्यात नेलं, तिथे दुसरेच डॉक्टर होते. मृत्यूच्या कागदावर त्यांनी क्षय लिहिलं. मी खिडकीवरच्या कारकुनाशी भांडले, पहिला दाखला दाखवला, टेबलावर हात आपटला. तो शांतपणे म्हणाला, "खोकला होता ना? मग झालं." माझ्या मागे रांग होती. मेलेल्या माणसाची चूक दुरुस्त करून घ्यायला लोक थांबत नाहीत, त्यांना बाकी कामं असतात. वहिनी आता भावाकडे गावी आहेत. तिथेही तो कागद त्यांच्याआधी पोचला असणार.

शाळेने अर्धा दिवस सुट्टी दिली. दुसऱ्या दिवशी मैदानाच्या कोपऱ्यात सरांचं सामान जाळलं, खबरदारी म्हणून. त्यांच्या हातचे नकाशे, तागाचा दोर, तंबाखूचं पान, पिशवीसकट सगळं. तंबाखूच्या धुराने शिपाई खोकत होता. बरणी तेवढी त्याने बाजूला काढून ठेवली होती. "काच जळत नाय ना, बाई," असं म्हणाला आणि माझ्या हातात देऊन निघून गेला.

भूगोलाला नवे शिक्षक मिळेपर्यंत ते तास मला दिले. नगदी पिकांचा धडा राहिला होता. मी भांडुपच्या बाजारातून ऊस आणला, शेंगा आणल्या, वाण्याकडून चहा आणला, आणि बरणी टेबलावर ठेवली. ऊस परत आला नाही. पुढच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "बाई, सगळं हातात देता, मग कापूस का नाही?"

मी सांगितलं. कार्डिंग खातं, बंद खिडक्या, सोमवार, खिडकीतला पालथा कप. एकही उद्गारचिन्ह न घालता सांगितलं. मध्येच कार्याध्यक्ष दारात येऊन उभे राहिले. मी त्यांना पाहिलं आणि पुढचं वाक्य जरा सावकाश म्हटलं, म्हणजे मुलांना लिहून घेता येईल.

'अभ्यासक्रमाबाहेरचे का शिकवले' याचा खुलासा माझ्याकडे मागितला आहे. पुस्तकात प्रत्येक पिकाखाली दोन मथळे असतात, 'लागवडीस आवश्यक परिस्थिती' आणि 'आर्थिक महत्त्व'. माझ्या वर्गाच्या वह्यांत कापसाखाली तिसरा मथळा आहे, 'सोमवार'. तो खोडायला मी मुलांना सांगणार नाही, एवढाच माझा खुलासा आहे.