हवालदाराची खरी नोंद

पौषातली थंडी अशी पडली होती, की ठाण्याच्या पत्र्यावरून दंवाचं पाणी टपटप गळत होतं. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या घरघरत चालल्या होत्या आणि त्यांचा धूर धुक्यातच अडकून बसत होता. अशा गारठ्यात हवालदार कानिफनाथ शेकडे सकाळी सहापासून फाटकापासच्या दगडांना रंग देत होता. एक चुन्याचा, एक गेरूचा. वार्षिक तपासणी होती. वर्षभर ऊन खात पडलेल्या जप्तीच्या मोटारसायकली पुसून रांगेत लावल्या होत्या. आवारातल्या वाळलेल्या लिंबालासुद्धा गेरूचा पट्टा मारायचा हुकूम होता.

"नाना, लिंब मेलाय की," शिपाई सीमा पगारे बादली ठेवत म्हणाली.

"मेला तरी रंगवायचा. साहेब झाड बघत न्हाईत, पट्टा बघत्यात."

सीमा हसली. कानिफनाथ हसला नाही. त्याचा कुंचला दगडावर असा आपटत होता, जणू दगडानं त्याचं काही तरी वाकडं केलंय. तपासणीला येणारा साहेब होता उपअधीक्षक समर्थ देवकाते. आणि त्या नावानं कानिफनाथच्या डोक्यात आठ वर्षं जाळ होता.

कानिफनाथ आता चोपन्नचा. खात्यातून फौजदार व्हायची परीक्षा तो बारा वर्षांपूर्वी पास झाला होता. त्या परीक्षेसाठी गड्यानं घोडेगावच्या बाजारात बंदोबस्ताला उभं राहून कलमं पाठ केली होती. पुढं म्हशींची रांग, शेणाचा रेंदा, नि तळहातावर चिठ्ठी. चोरी तीनशे एकोणऐंशी, फसवणूक चारशे वीस. "काय पुटपुटता हवालदार? म्हशीवर मंतर टाकता काय?" म्हणून व्यापारी चेष्टा करायचे. निकाल लागला तेव्हा बायकोनं, जयानं, सगळ्या गल्लीत पेढे वाटले. पेढे संपले, बढतीची यादी निघाली नाही. मग थोडी थोडी निघाली. बरोबरचे काही फौजदार झाले, काही हवालदारच राहून निवृत्त झाले, दोघं तर देवाघरी गेले. मध्येच सरकारनं कायदा बदलला. चोरीचं कलम तीनशे तीन झालं. ज्या कलमांवर माणूस पास झाला ती कलमं इतिहासजमा झाली, पण हा गडी हवालदार तो हवालदारच.

कारण त्याच्या सेवापुस्तकात एक शिक्षा होती. आणि ती शिक्षा त्याची नव्हतीच.

आठ वर्षांपूर्वी देवकाते याच ठाण्यात नवाकोरा फौजदार होता. थेट परीक्षेतून आलेला, तोंडात साखर. नोकरी करता करता उपअधीक्षकाची परीक्षा देत होता. लेखी निघाली होती, मुलाखत उरली होती. एका शुक्रवारी सकाळी तो डायरीच्या टेबलाशी आला; ठाण्यातून कोण कुठं रवाना झालं ते त्या डायरीत चढायचं, आणि त्या दिवशी ती कानिफनाथकडं होती. "नाथाभाऊ, पुण्यात सरावाची मुलाखत आहे. मला बाजार बंदोबस्ताला दाखवा ना. संध्याकाळी हजर होतोच."

अशी नोंद करणं ठाण्यात नवं नव्हतं. डायरी लिहिणाऱ्यानं साहेबाला सांभाळून घ्यायचं, ही रीतच. कानिफनाथनं लिहिलं: फौजदार देवकाते घोडेगाव बाजार बंदोबस्तकामी रवाना. नेमकी त्याच दुपारी बाजारात एका म्हशीच्या सौद्यावरून दोन गटांत काठ्या चालल्या, एकाचं डोकं फुटलं. चौकशी लागली, की डायरीत रवाना झालेला फौजदार होता कुठं?

देवकातेनं कानिफनाथचे दोन्ही हात धरले होते. "मुलाखत पंधरा दिवसांवर आहे. तुम्ही एवढंच म्हणा, की मी रजा सांगितली होती आणि तुमच्याकडून चुकून बंदोबस्त लिहिला गेला. मी साहेब झालो की आधी तुमची शिक्षा काढतो. आईची शपथ."

कानिफनाथनं तसा जबाब दिला. त्याची एक वेतनवाढ बंद झाली. देवकाते साहेब झाला. शिक्षा मात्र निघाली नाही. बढतीचा कागद वर गेला, की त्यावर शेरा पडून परत यायचा: शिक्षा नमूद, सबब अपात्र.

कानिफनाथनं तीनदा अपील केलं. अखेर वरच्या कचेरीनं देवकातेकडं एका ओळीचा अभिप्राय मागितला: सदरची नोंद आपल्या सांगण्यावरून झाली होती काय? 'होय' एवढंच लिहायचं होतं. चार महिने ती फाइल देवकातेच्या टेबलावर पडून होती. आणि या महिन्याच्या अखेरीला यंदाची यादी बंद होणार होती. पुढची यादी कधी निघेल, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

साडेनऊला सीमा रजिस्टरांचा ढीग लावत होती. तपासणीत साहेब प्रत्येक रजिस्टरवर 'पाहिले' लिहून सही करतो. शंभरेक सह्या. तिसाव्या सहीनंतर कुणी मान खाली घालून वाचत नाही.

ती हळूच म्हणाली, "नाना, अभिप्रायाचा कागद टाइप करून मधी सरकवू का? सही हून जाईल. कळायचं बी न्हाई."

"चोरून घेतलेली सही मला नगं. ज्या तोंडानं शपथ घेतली त्या तोंडानं व्हय म्हनू दे."

"अन् न्हाई म्हनले तर?"

कानिफनाथनं गेरूचे हात पुसले आणि टोपी चढवली.

अकराला गाडी आली. सलामी झाली. देवकाते जाड झाला होता, कानशिलं पिकायला लागली होती. कानिफनाथपुढून जाताना त्यानं नजर नेमकी टोपीवरून पुढं नेली. सह्या झाल्या, मेलेल्या लिंबाखाली चहा झाला, आणि दरबार भरला. दरबार म्हणजे सगळ्यांनी ओळीत बसायचं, साहेबानं अडचणी विचारायच्या, आणि कुणी काही बोलायचं नाही. ठाणेदारांनी आदल्या दिवशीच पढवून ठेवलं होतं, "फक्त क्वार्टरचं गळतं आणि पाण्याची टाकी. बाकी सगळं आनंदीआनंद."

गळतं झालं. टाकी झाली.

"आणखी कुणाची काही अडचण?" देवकाते उठता उठता म्हणाला.

"माझी हाय साहेब." कानिफनाथ उभा राहिला. ठाणेदारांनी डोळे वटारले, ते त्यानं पाहिलेच नाहीत.

"लेखी द्या."

"तीनदा दिलंय. तिन्ही जावक नंबर पाठ हायेत, म्हनून दाखवू? लिहायचं आता तुमाला हाय. एक शब्द. चार महिनं झालं."

देवकातेच्या मानेवर लाली चढली. "आत या," तो म्हणाला.

आत दार लोटून घेतल्यावर त्याचा आवाज एकदम आठ वर्षं मागं गेला. "नाथाभाऊ, असं चारचौघांत? मी विसरलोय का तुम्हाला?"

"विसरला असता तर परवडलं असतं. तुमी ध्यानात ठिवून गप बसलाय."

"समजून घ्या हो. मी 'होय' लिहिलं तर माझी चौकशी लागेल. यंदा माझंही नाव आहे, अपर अधीक्षकाच्या यादीत. एवढी निघू द्या, मग—"

"मग आईची शपथ?"

देवकाते खुर्ची पुढं ओढून म्हणाला, "तुमच्या नावाची पदकासाठी शिफारस करतो. आजच. माझ्या हातात आहे ते."

आतापर्यंत कानिफनाथनं आवाज धरून ठेवला होता. तो सुटला. "पदक? छातीवर पदक लावून सलाम कुनाला ठोकू? तुमालाच ना? म्हशीच्या शेनात उभा ऱ्हाऊन पास झालो हुतो मी. माझी पोरगी लग्नात पावन्यांना सांगत हुती, बाप फौजदार व्हनार हाय. पावनं अजून इचारत्यात, झाले का? त्यांना काय सांगू, साहेबाला मुलाखत हुती म्हनून ऱ्हायलो? तुमची एक मुलाखत, अन् माझा आख्खा जलम!"

"आवाज खाली, हवालदार!" नाथाभाऊचा हवालदार झाला.

"लिहिता का न्हाई, तेवढं सांगा."

देवकातेनं टोपी उचलली. "मला तसं काही आठवत नाही. अभिप्राय तसाच जाईल." आणि दार उघडून तो गाडीकडं गेला.

कानिफनाथ तडक डायरीच्या टेबलाशी आला आणि संगणकावरच्या पोराला म्हणाला, "ऊठ." आता डायरी संगणकावर. एकदा जतन केली, की ठाणेदाराला पुसता येत नाही, आणि वर जिल्ह्यालाही दिसते. दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत, त्यानं ठोकलं: आठ वर्षांपूर्वी घोडेगाव बाजाराचे दिवशी फौजदार देवकाते बंदोबस्तास रवाना अशी नोंद मी केली, ती खोटी होती. ते पुण्यास गेले होते. नोंद त्यांचे सांगण्यावरून केली. चौकशीत मी दिलेला जबाबही खोटा होता. आज तपासणीवेळी त्यांनी ही गोष्ट नाकारली, सबब नोंद करीत आहे.

सीमा मागं उभी राहून वाचत होती. "नाना, हे तर तुमी तुमच्याच तोंडानं कबूल करताय. दुसरी शिक्षा लागंल."

"लागू दे. ती तरी माझी असंल."

त्यानं बटण दाबलं.

पाच मिनिटांत ठाणेदार ओरडत बाहेर आले. "काय करून ठेवलंस हे? अरे, यादीत नाव यायची होती नव्हती तेवढी आशा गेली तुझी! साहेब तर बुडालाच, तूही बुडालास. उद्याच्या उद्या मुख्यालयात जमा होशील!"

"व्हतो की. आज मातर माझी ठाण्याची ड्युटी हाय, रातच्या आठपातुर."

ठाणेदार पाय आपटत आत गेले. फोनवर त्यांचं 'होय सर, होय सर' सुरू झालं. बाकावर सकाळपासून एक म्हातारी बसली होती. तपासणी चालू आहे म्हणून तिला कुणी विचारलं नव्हतं. नाव छबूबाई. गोठ्यातून तिच्या दोन शेळ्या चोरीला गेल्या होत्या.

कानिफनाथनं तक्रारीचा कागद ओढला. राग उतरला नव्हता. हात त्यानं एकदा शर्टाला पुसले.

"हं, आजी. शेळ्यांचा रंग कसा?"

"एक कबरी हाय बाबा. दुसरी काळी, गाभन हुती."

"काळीला किती महिनं झालं हुतं?" तो म्हणाला आणि लिहायला लागला.