बंद कॉम्प्युटरातली जागा

शिवानीवहिनीचा कुणावर विश्वास नाही, हे आमच्या थळ गावात सगळ्यांना ठाऊक आहे. सुकत घातलेल्या मासळीवर शेजारणीला राखणीला बसवायची आणि स्वतः ओट्यावरून त्या शेजारणीवर नजर ठेवायची, अशी ही बाई. मी तिच्या नवऱ्याचा, अनंताचा, शाळेपासूनचा मित्र. हायस्कुलात कॉम्प्युटर शिकवतो, आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. तरी माझ्यावरही तिचा विश्वास नव्हता. मला याचा राग होता आणि तो मी लपवतही नसे.

अनंता तांडेल होता, स्वतःची होडी हाकणारा. दोन वर्षांपूर्वी घरातच, जेवता जेवता छातीत कळ येऊन गेला. वहिनीने होडी विकली, जाळी विकली, पण जागा विकल्या नाहीत. जागा म्हणजे समुद्रात मासळी हमखास लागते ती ठिकाणं. तांडेल ती जीपीएसवर टिपून ठेवतो आणि सख्ख्या भावालाही सांगत नाही. अनंताने आपल्या सगळ्या जागा घरच्या कॉम्प्युटरात उतरवून ठेवल्या होत्या. त्यातल्या एकीला तो ‘कोठार’ म्हणायचा. नाव गावभर झालं होतं, जागा मात्र त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हती. ती हेरायला गावातलाच दुसरा तांडेल, काळूराम, एक हंगाम अनंताच्या होडीमागे लपतछपत हिंडला, त्यावरून दोघांत असं वाजलं की पुढे बोलणंच बंद झालं. “माझ्या लेकीचं हाय ते,” वहिनी म्हणायची. लेक नववीत आहे. ती त्या जागांचं काय करणार, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

कॉम्प्युटर गौरी-गणपतीत बंद पडला. सुरू केला की काळा पडदा आणि एक पांढरी ओळ, बस्स. मी तिला आधीच कितीदा सांगितलं होतं, कॉम्प्युटर धडधाकट आहे तोवर अडीअडचणीला एक पेनड्राइव्ह बनवून ठेवू. गाडीत स्टेपनी असते तसं. आतलं बिघडलं तरी त्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू होतं आणि आपली माहिती बाहेर काढता येते. त्यावर बाईसाहेब म्हणाल्या, “तुमच्या पेनड्राइव्हवर काय काय चढेल ते मना काय कळनार, भाऊजी?” अलिबागच्या दुकानात दुरुस्तीला द्यायचा तर दुकानदार जागा बघेल. म्हणून तो कॉम्प्युटर माळ्यावरच्या खोलीत जुन्या लुगड्याखाली झाकून ठेवलेला. म्हणजे नवऱ्याची कमाई चोरीला जाऊ नये म्हणून बाईने ती स्वतःच्याच हाताने पुरली होती.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी बंदरावर वादळाचा बावटा लागला. बाहेर गेलेल्या होड्या एकेक करून परतल्या. काळूरामचा मुलगा गणराज परतला नाही. चोवीस वर्षांचा, पहाटे एकटाच लहान होडी घेऊन गेला होता. तीन होड्या उलट फिरून त्याला शोधत होत्या, पण कुठे शोधायचं याचा पत्ताच नव्हता. पोलिसांनाही कळवून झालं होतं. वारा वाढत होता आणि दिवस मावळायला फार वेळ उरला नव्हता.

मी वहिनीच्या ओट्यावर उभा होतो तेव्हा काळूराम आला. इतक्या वर्षांत त्या दारात त्याने पाऊल टाकलं नव्हतं. हातात वायरलेसचा संच, त्यातून शोधणाऱ्या होड्यांचे आवाज फुटत होते.

“वयनी,” तो म्हणाला, “गनराज कोठार शोधायला गेलाय. रातच्याला आयशीला बोलला व्हता. त्याच अंगाला कुठं अडकला असंल.”

वहिनी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. तिचा चेहरा पडलेला मी पहिल्यांदाच पाहिला. आठवड्यापूर्वी गणराज तिच्याकडे येऊन ती जागा मागत होता, आणि तिने त्याच्या तोंडावर दार लावलं होतं.

“वयनी, मना जागा नको गं,” काळूराम म्हणाला. “माजा गनराज दे.”

तिने माझ्याकडे पाहिलं. “भाऊजी, ते स्टेपनीचं किती वेळात व्हतं?”

मी लॅपटॉप घेऊन धावत माळ्यावर गेलो. पेनड्राइव्ह कोरा लागणार होता, माझ्याकडच्या दोन्हींवर मुलांच्या परीक्षांचं काम होतं. काळूराम तोवर खाली जाऊन आपल्या टेम्पोतला गाण्यांचा पेनड्राइव्ह उपटून घेऊन आला. “यावरचं सगळं पुसलं जाईल,” मी बजावलं. “पुसा!” तो ओरडला. मोबाइलच्या नेटवर लागणारी फाइल उतरायला लागली. निम्म्यावर आल्यावर रेंज गेली. वहिनी माझा मोबाइल घेऊन खिडकीबाहेर हात काढून उभी राहिली, वाऱ्याने तिचा पदर उडत होता. मी तिला म्हणालो, हलू नका. ती हलली नाही. मला तेव्हा तिचा इतका संताप आला होता! हेच काम गणपतीआधी चहा पितापिता झालं असतं.

पेनड्राइव्ह तयार झाला. मी तो कॉम्प्युटरला पुढच्या बाजूने लावला आणि बटण दाबलं. काळा पडदा, पांढरी ओळ. पुन्हा केलं. पुन्हा तेच. वायरलेसवर कुणीतरी सांगत होतं की लाट मोठी झालीय, आता फार वेळ थांबता येणार नाही. काळूराम खाली बसला. मग पुढच्या खाचेत बोट घातलं तर तांबडा गंज बोटाला आला. आमच्याकडची खारी हवा, दुसरं काय. पेनड्राइव्ह मागच्या बाजूला लावला. दिवा लुकलुकला, पडदा निळा झाला. थोड्या वेळाने अनंताच्या डिस्कचं चित्र दिसलं आणि त्यात ‘जागा’ नावाचा फोल्डर.

“भाऊजी, तोंड फिरवा,” वहिनी म्हणाली.

अशा वेळीसुद्धा! मी तोंड फिरवलं, पण मनातल्या मनात तिला नको नको ते बोललो.

तिने काळूरामच्या हातातून वायरलेस घेतला. काळूरामला एकट्याला कागदावर जागा दिली असती तर तो किनाऱ्यावरून निघून पोचेपर्यंत अंधार पडला असता. होड्या आधीच समुद्रात होत्या. त्यांना सांगायचं तर वायरलेसवर, आणि वायरलेस म्हणजे भर बाजार. ज्याच्या ज्याच्याकडे संच चालू, तो तो ऐकणार.

तिने बटण दाबलं आणि एक जागा वाचली. आकडे, मग नाव. मग दुसरी, मग तिसरी. मी मासेमार नव्हे, पण काळूरामचा चेहरा मला दिसत होता. या जागा किनाऱ्याजवळच्या, कुणालाही सापडतील अशा होत्या. ती हलक्या जागा आधी वाचत होती. काळूरामच्या ते लक्षात आलं होतं, पण तो नुसता तिच्या पाठीकडे बघत राहिला. माझ्या तोंडाशी आलं होतं, अगं बाई, तिकडे पोरगा मरतोय.

तिने बटण सोडलं. “मना ठाव हाय तो कुठं गेलाय,” ती म्हणाली, कुणालाच उद्देशून नाही. “मना पयल्यापासून ठाव हाय.”

मग तिने बटण पुन्हा दाबलं. “गनराज, ऐकतोस काय? ही कोठाराची जागा हाय.” आणि तिने आकडे वाचले, सावकाश, लहान पोराला शिकवावे तसे. “हितंच हायस काय?”

वायरलेसमधून नुसती खरखर. मग त्या खरखरीत खट, खट, खट. थोडं थांबून पुन्हा तसंच.

काळूराम ताडकन उठला. “बॅटरी उतरली हाय त्याची! बोलता येत न्हाय, बटन दाबतोय!”

शोधणाऱ्या होडीतून कुणीतरी ओरडलं, “वयनी, परत सांग, नीट ऐकाय न्हाय आलं!” तिने परत सांगितलं. दुसऱ्या, मग तिसऱ्या होडीने विचारलं, त्यांनाही सांगितलं. अनंताची सगळ्यात मोठी जागा तिने भर वाऱ्यात चार वेळा साऱ्या किनाऱ्याला ऐकवली आणि एकदाही आवाज चोरला नाही.

दिवेलागणीला गणराजची होडी दोराने ओढत आणली. मशीन बंद पडलेलं, पोरगा थंडीने काळानिळा, पण शुद्धीवर. वहिनी बंदरावर गेली नाही. माळ्यावर कॉम्प्युटरसमोर बसून रडत होती, मोठ्याने, अनंता गेला तेव्हा रडली नव्हती इतकी.

बावटा उतरला त्या दिवशीच कोठारावर होड्यांची गर्दी झाली. गावातल्याच होत्या, गणराजला शोधायला गेलेल्याही. मला इतकी चीड आली की मी नाक्यावर दोघांशी भांडलो. वहिनी ओट्यावर बसून मासळी निवडत राहिली.

गणराज मात्र गेला नव्हता. तो आईला घेऊन वहिनीच्या ओट्यावर आला आणि खाली मान घालून म्हणाला, “काकी, मी तिथं जालं टाकनार न्हाय. कदीच न्हाय.”

“का?” ती त्याच्यावर खेकसली. “साऱ्या गावानं टाकलंय, तूच का उपाशी मरतोस?” मग तिने त्याला जवळ बसवून घेतलं. “ऐक. ओहोटीला तिथं जालं खाली सोडू नको. बुडालेल्या गलबताचं लाकूड हाय, फाटून जाईल. भरतीला दक्षिणेकडून जा. ह्ये त्येंनी कॉम्प्युटरात घातलं न्हवतं, मना रातच्याला सांगायचे. आता म्हनून दाखव.”

गणराजने म्हणून दाखवलं. एका ठिकाणी चुकला, तिने त्याला परत पहिल्यापासून म्हणायला लावलं. मी शेजारीच बसलो होतो, पण या वेळी तिने मला तोंड फिरवायला सांगितलं नाही.