दमानं सर

‘दमानं घ्या रे, दमानं!’ असं दिवसभर आमच्या कानीकपाळी ओरडणारे बँडचे सर स्वतः दमानं चालताना मात्र कुणी कधी पाहिले नाहीत. आंबवड्याच्या वरच्या अंगाला आमची शाळा, सरांचं बिऱ्हाड कापूरहोळला, आणि शाळा सुटायची वेळ नि शेवटची एसटी निघायची वेळ एकच. घंटा झाली रे झाली की सर बगलेत पिशवी मारून धूम ठोकायचे. पिशवीत डबा खडखडायचा, आणि मागून आम्ही कार्टी ओरडायचो, “सर, दमानं!” एसटी चुकली तर दुधाच्या गाडीत कॅनांच्या मधे अंग चोरून बसावं लागे. गावानं त्यांचं नावच दमानं सर ठेवलं, आणि ते त्यांनाही ठाऊक होतं.

सरांची मोजणी जगावेगळी. एक, दोन, तीन, गप. चौथ्या ठोक्याला कुणी काही वाजवायचं नाही, नुसतं पाऊल टाकायचं. तीनपर्यंत आम्ही सगळे शहाणे. गप आला की हात शिवशिवायचे आणि कुणीतरी धाडकन वाजवून मोकळं व्हायचं. हे कुणीतरी म्हणजे बहुतेक वेळा मीच. माझ्या गळ्यात सगळ्यांत मोठा ड्रम. समोरून बघणाऱ्याला ड्रम आणि त्याखाली दोन पाय एवढंच दिसायचं. सर कपाळाला हात लावून म्हणायचे, “वाजवायला कुणीबी वाजवील गं बाई. गप ऱ्हायला छाती लागती.”

खरं दुखणं वेगळंच होतं. आमच्या पोरांचे हात तयार झालेले वरातीत ताशा बडवून. तिथला कायदा असा, की नाचणाऱ्यानं शिट्टी मारली की ठेका वाढवायचा. नाही वाढवला तर नवरदेवाचे मित्र अंगावर येतात. आणि नेमकं त्या वर्षी मुख्याध्यापकांनी जाहीर केलं: सव्वीस जानेवारीला भोरच्या संचलनात बँड नीट वाजला तर ठीक, नाहीतर ड्रम माळ्यावर आणि शाळेला स्पीकर. स्पीकर द्यायला दाता तयारच होता. अशा कामाला माणसं तयारच असतात. सरांचा चेहरा एवढासा झाला. त्या जुन्या ड्रमांची कातडी त्यांनी स्वतः ओढून बसवली होती.

मग त्यांनी जे औषध काढलं ते बघून गाव हादरलं. आम्हाला मैदानात वाजवत चालायला लावलं आणि सर पुढं होऊन चक्क नाचायला लागले. तोंडात रुमाल धरून नागीण काय, गुडघ्यावर बसून डोलणं काय, दोन बोटं तोंडात घालून शिट्ट्या काय! मधेच रुमाल काढून ओरडायचे, “मी कितीबी नाचलो तरी तुमचा ठेका पळता कामा न्हाई!” कुंपणापलीकडं शेरडं वळणारी सखूआजी काठीवर हनुवटी टेकून बघत राहिली.

“मास्तर लई चांगला व्हता गं,” ती मला हळहळून म्हणाली. “कवापासनं पितो?”

भोरला व्हायचं तेच झालं. ऐन मैदानाच्या मध्यावर गर्दीतल्या कुणा टवाळानं सणसणीत शिट्टी मारली. माझ्या मनगटाला मुंग्या आल्या. पण डोळ्यांपुढं तोंडात रुमाल धरलेले सर उभे राहिले, आणि हसू दाबता दाबता शिट्टी विरूनही गेली. ठेका तसूभर हलला नाही. ड्रम वाचले. सत्काराचा हार मुख्याध्यापकांनी आपल्या गळ्यात घालून घेतला आणि उन्हाळ्यात सरांच्या हातात बदलीचा हुकूम पडला, तोही पार जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. चांगल्या कामाची आमच्याकडं कदर होते ती अशी.

शेवटच्या दिवशी बँड वाजवत सरांना एसटीपर्यंत सोडायला निघालो. कुणी काही ठरवलं नव्हतं, पण हात जड झाले आणि ठेका रेंगाळायला लागला. समोर एसटी उभी, कंडक्टर घंटी मारतोय, आणि आम्ही आपले मुंगीच्या पावलानं. आज तरी ती चुकावी, एवढंच मनात होतं. आता सर पळणार, असं वाटलं. तर ते थांबले आणि गर्रकन वळले.

“हे काय वाजवताय? पळायचं न्हाई म्हनलं, तसं रेंगाळायचंबी न्हाई! चला, पयल्यापासनं!”

भर रस्त्यात पुन्हा पहिल्यापासून. एसटी धुरळा उडवत निघून गेली. सरांनी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

यथावकाश दुधाची गाडी आली. सर कॅनांच्या मधे, आमच्याकडं तोंड करून बसले. गाडी हलली तशी त्यांनी कॅनवर बोटांनी मोजणी धरली. एक, दोन, तीन. चौथ्याला बोट हवेत धरून माझ्याकडं बघितलं. मी तीन वाजवले आणि चौथ्याला गप राहिले. रडायचं ते गाडी वळणाआड गेल्यावर रडले.