पाळण्याची झडती

आमच्या आईचा स्वतःच्या सावलीवरही विश्वास नाही. त्यात तिची चूक नाही, नोकरीच तशी होती. तयार कपड्यांच्या कारखान्याच्या फाटकाशी, एका पडद्यामागे, घरी निघालेल्या बायकांची झडती घ्यायचं काम तिने जन्मभर केलं. कुणाच्या डब्यात बटणं सापडायची, कुणाच्या अंबाड्यात लेस. निवृत्त झाली तरी हात काही थांबले नाहीत. जावयाने आणलेला केकचा खोकासुद्धा ती आधी चारी बाजूंनी ठोकून बघते. जावईबापू बिचारे गुन्हेगारासारखे उभे राहतात.

अशा बाईला पाळणा घ्यायला नेणं म्हणजे विकतचं दुखणं. पण इलाज नव्हता. बाळ झाल्यावर मी पुन्हा कामावर जाणार आणि दिवसभर ते आईपाशी राहणार, असं आमचं ठरलेलं. ती नसेल तर माझी नोकरी गेलीच म्हणायची. मग रोज वाकून जिने बाळ उचलायचं, तिलाच पाळणा पसंत पडायला हवा ना?

पहिल्या दुकानातला विक्रेता मोठ्या हौसेने सांगत होता, "काकू, हा कन्व्हर्टिबल आहे. आत्ता पाळणा, पुढे एक बाजू काढली की छोटा पलंग, आणि मूल मोठं झालं की सोफा."

"म्हणजे आहे तरी काय हा?" आई म्हणाली. "आत एक, बाहेर एक. अशी माणसं खूप पाहिलीत मी."

मग झडती सुरू झाली. गजांच्या फटीत मूठ जाते का, गादी आणि कडेच्या मध्ये बोटं शिरतात का, रंगाचा पोपडा नखाने निघतो का, एकूण एक बोल्ट घट्ट आहे का. सगळं ठीक निघालं. शेवटी तिने खांद्यावरची फुगलेली पिशवी गादीवर ठेवली, कठड्यावरून वाकून उचलली, परत ठेवली, परत उचलली. आणि म्हणाली, "नको."

"का गं?"

"मनात भरत नाही."

दुसऱ्या दुकानातला पाळणा पाहताच मी हरखले. फिकट लाकूड, गोल कोपरे, कुठे टोक नाही की धार नाही. पुन्हा तीच पिशवी, पुन्हा तेच नको. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, इथे पाळण्याचेच पाय घराला लागेनात.

आता मात्र मला संशय आला. नक्कीच कुठेतरी पाणी मुरत होतं. हिला बाळ सांभाळायचंच नसणार, आणि तोंडावर सांगायचा धीर नाही, म्हणून ही खुसपटं. नाचायचंच नसलं की अंगण वाकडं. मला भयंकर राग आला. शेवटी मुलगी कुणाची, मीही ठरवलं की हिच्यावर नजर ठेवायची.

तिसऱ्या दुकानात मी गाद्या बघायचं निमित्त करून एका कपाटाआड थांबले. आईने गज तपासले, बोल्ट तपासले, पिशवी ठेवली. वाकून उचलली. ती कठड्यापर्यंत आली आणि आईच्या हातातून सुटून धपकन खाली गेली. आईने आधी इकडेतिकडे पाहिलं, मग मनगट चोळलं.

मी पुढे होऊन पिशवीला हात घातला.

"राहू दे ती," आई म्हणाली.

मी ऐकलं नाही. आत टॉवेलमध्ये घट्ट गुंडाळलेले साखरेचे पुडे होते. बाळाएवढा, बाळाच्या वजनाचा गठ्ठा.

"हाताला मुंग्या येतात," ती खाली बघत म्हणाली. "आल्या की हातात काही आहे की नाही तेच कळत नाही. डॉक्टर म्हणाले, आता हे असंच राहणार."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझी नोकरी होती ना मध्ये. वाटलं, एखादा कठडा तरी मला जमेल इतका बुटका निघेल."

माझा राग कुठल्या कुठे गेला. रडू येत होतं, आणि नेमका तेव्हाच विक्रेता आला. "मग काकू, पसंत पडला का?"

"पाळणा चांगला आहे," आई म्हणाली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "घेऊन टाक. फक्त मला बाळापाशी एकटीला ठेवू नकोस."