नातीची पावडर आणि आमच्या घरचं पाणी

माझी नात विद्यापीठात पावडर बनवती. ती त्याला पॉलिमर म्हणती, मी पावडर म्हणते, दोघींचं बरं चाललंय. अणुभट्टीच्या सांडपाण्यात किरणोत्सारी आयोडीन येतं, ते ही पावडर धरून ठेवती. मला तिनं सांगितलं ते असं: कणाकणाला डोळ्याला न दिसणारी भोकं, आणि भोकांच्या आत गळासारखे आकडे बसवलेले. पाणी निघून जातं, आयोडीन आकड्याला अडकतं. आकडे बसवायचं काम तिचं.

हेच तिनं समोरच्या बाईलाबी सांगितलं, तिथं घोटाळा झाला. समोरची बाई म्हणजे माझी मैत्रीण. कन्नड तालुक्याकडची, माहेरी मेंढरं. हर्सूलला आमची दारं समोरासमोर. रोज दुपारी ती माझ्याकडं येती. आधी पाण्याचा तांब्या, मग चहा. दुसऱ्या दिवशी तिनं तांब्या बाजूला सारला.

"तहान नाय गं."

उन्हाळा होता. नंतरबी तिला तहान लागंना. मग गल्लीतून कळलं: पोरगी कपड्यावर किरणं घेऊन घरी येती, ती माठात उतरतात म्हणं.

आम्ही बौद्ध माणसं. लहानपणी गावात आमच्या हातचं पाणी कुणी घेत नव्हतं, त्याचं कारण मला पाठ होतं. हे कारण नवीन होतं, शास्त्रीय होतं. भरलेला तांब्या आत नेऊन ठेवायचा, हे काम मात्र तेच. वाटलं, ह्या वयात एक मैत्रीण धड, तीबी चालली.

नात म्हणाली, "मी करूनच दाखवते."

प्लास्टिकच्या ग्लासात पाणी घेतलं, त्यात जखमेवर लावायचं साधं आयोडीन टाकलं. पाणी तांबूस झालं. "हे किरणोत्सारी नाही बरं का. लॅबमध्येपण आम्ही साधंच वापरतो. पावडरीला दोन्ही सारखीच अडकतात." चिमूटभर पावडर टाकून ती हलवत बसली. माझा चहा उकळेस्तोवर पाणी निवळलं, पावडर काळपट होऊन तळाला बसली.

बाईनं ग्लास उजेडात धरला. "साफ झालं व्हय?"

"झालं," नात म्हणाली.

"मग पी."

"हे प्यायचं नसतं, आजी."

बाईनं माझ्याकडं बघितलं. मी चहा गाळत होते.

नात हिरमुसली. बाई बशीत चहा ओतून फुरके मारायला लागली, तशी नात तिला म्हणाली, "आजी, ह्या चहात पाणी कुठलं असतं?"

हेच मी इतके दिवस गिळून बसले होते. बोलले असते तर चहाबी बंद झाला असता.

बाईची बशी तोंडाशी थांबली. "उकळल्यावर मरत असंल ते."

"किरणोत्सार उकळून जात—"

मी नातीच्या हातात गाळणी दिली. "धुऊन आण."

बाई बशीकडं बघत बसली. मग तिनं सावकाश सगळा चहा पिला.

"रोज ह्याच माठातलं पाजतीस?"

"रोज."

"आन् साखर लई टाकतीस. घसा चिकटला. पाणी आण."

मी तांब्या आणला. तिनं तोंड लावूनच अर्धा संपवला, अन् उरलेला माझ्याकडं सरकवला.